तापलेली बातमी कशी वाचायची: डेस्कवर मुरलेल्या बाईची पद्धत

माझी सगळी नोकरी एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर गेली. दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्या तपासायच्या, कापायच्या, मथळे द्यायचे आणि छपाईची वेळ गाठून पान सोडायचं. निवृत्त झाल्यापासून ओळखीपाळखीचे लोक विचारतात, "तुम्ही तर आतल्या, खरं काय ते तुम्हीच सांगा." आतलं असं फारसं काही नसतं. मात्र डेस्कवर बातमी आली की आम्ही पहिल्यांदा एकच गोष्ट बघायचो: ही कुठल्या पायरीवर आहे? कुणी नुसतं बोललंय, की कागद निघालाय? कागद असेल तर तो मसुदा, अंतरिम आदेश की अंतिम निर्णय? अंमलबजावणी सुरू झाली, की अजून तारीखच नाही? बाजू कुणाची, हा प्रश्न त्यानंतर.

घराघरातली भांडणं बहुतेक पायऱ्या गाळल्यामुळे होतात, असं माझं मत आहे. एक जण पहिल्या पायरीवरच्या बातमीवर भांडत असतो, दुसरा चौथ्या. खाली लिहिलेली रीत तेवढ्यापुरती आहे. उदाहरणं महाराष्ट्रातली घेतली आहेत, ज्यांवरून आपल्याकडे आवाज चढले तीच.

मथळा शेवटी वाचा

मथळा बातमीदार देत नाही, हे पुष्कळ वाचकांना ठाऊक नसतं. तो डेस्कवरचा उपसंपादक देतो आणि त्याच्यासमोर पहिली अडचण असते जागेची. दोन कॉलमांत मोजकी अक्षरं बसतात. 'न्यायालयाने सरकारकडून दोन आठवड्यांत उत्तर मागवले' हे बसत नाही. 'सरकारला दणका' बसतं. दणका, चपराक, तंबी, ताशेरे, फटका, झटका ही मंडळी मराठी मथळ्यांत एवढी बोकाळली याचं निम्मं कारण ती आखूड आहेत हे आहे. उरलेलं निम्मं कारण तुम्हाला माहीत आहे.

तेव्हा मथळा ओलांडून सरळ पहिल्या परिच्छेदावर जा आणि तिथलं क्रियापद शोधा. मागवले, सुचवले, म्हटले, आदेश दिला, स्थगिती दिली, फेटाळले. या प्रत्येकाची पायरी वेगळी. मथळ्यात 'दणका' आणि पहिल्या परिच्छेदात 'नोटीस बजावली' असेल, तर झालंय एवढंच की न्यायालयानं दुसऱ्या बाजूला तुमचं म्हणणं मांडा असं सांगितलंय. अशा नोटिसा रोज निघतात.

त्यानंतर शेवटचा परिच्छेद वाचा. मधला भाग राहिला तरी चालेल. छापील पानात जागा कमी पडली की बातमी खालून कापतात, ही जुनी सवय. म्हणून ज्याच्यावर आरोप झाला त्याचं म्हणणं बहुधा तळाशी ठेवलेलं असतं आणि कापलं जातं तेही तेच. वेबसाइटवर जागेची टंचाई नाही, पण हात तसेच वळलेले आहेत. शेवटच्या परिच्छेदात समोरच्याचं म्हणणं नसेल, 'संपर्क होऊ शकला नाही' एवढंही नसेल, तर ती बातमी अर्धीच समजा आणि दुसऱ्या दिवशीची वाट बघा.

दोन खुणा आणखी. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल ('राज्यात राजकीय भूकंप होणार?') तर डेस्ककडे खात्रीलायक काही नाही, असतं तर प्रश्न कशाला विचारला असता? आणि एखादा शब्द एकेरी अवतरणात टाकला असेल तर तो कुणाच्या तरी तोंडचा आहे, वृत्तपत्र त्याची हमी घेत नाही. वाचताना ही अवतरणं डोळ्यांवरून निसटतात. मित्राला सांगताना तर ती नाहीशीच होतात.

न्यायालयाची बातमी: बोलणं वेगळं, लिहिणं वेगळं

सुनावणीत न्यायमूर्ती बोलतात. प्रश्न विचारतात, वकिलाला कोपऱ्यात घेतात, कधी चिडतात. त्याला तोंडी शेरे म्हणायचं. संध्याकाळी जो कागद सहीनिशी निघतो तो आदेश. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, मद्रास उच्च न्यायालयात निवडणूक आयोगाबद्दल खुनाचा गुन्हा नोंदवायला हवा अशा आशयाचे उद्गार निघाले. देशभर तोच मथळा झाला. त्या दिवशीच्या लेखी आदेशात ते शब्द नव्हते. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ६ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तोंडी शेरे न्यायालयीन नोंदीचा भाग नसतात, त्यामुळे वगळण्यासारखं काही नाहीच. आणि माध्यमांना असे शेरे छापायला मनाई करायलाही नकार दिला. मला दोन्ही गोष्टी पटतात. शेरे छापावेतच. वाचकानं ते शेरे म्हणून वाचावेत.

आता लेखी निकालाचं बघू. माझ्या माहितीत याहून चांगलं उदाहरण नाही: ११ मे २०२३ चा शिवसेनेच्या फुटीवरचा निकाल. पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, निकाल एकमतानं. त्या दुपारी दोन्ही गटांनी आपण जिंकल्याचं सांगितलं, दोन्हीकडच्या समर्थकांनी तसंच फॉरवर्ड केलं आणि गंमत म्हणजे दोघांच्याही हातात खरी वाक्यं होती.

निकालात काय होतं ते साध्या भाषेत मांडते. राज्यपालांनी तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांना बहुमत सिद्ध करायला सांगितलं, त्यासाठी त्यांच्याकडे पुरेसा आधार नव्हता. शिंदे गटानं पुढे केलेल्या भरत गोगावले यांना प्रतोद (व्हिप) म्हणून मान्यता देण्याचा विधानसभा अध्यक्षांचा निर्णय बेकायदा होता. इथपर्यंत वाचून थांबलात तर ठाकरे गट जिंकला. पुढे वाचा: उद्धव ठाकरे यांनी २९ जून २०२२ ला, बहुमत चाचणीला सामोरं जाण्याआधीच राजीनामा दिला, त्यामुळे त्यांचं सरकार पुन्हा आणता येणार नाही. एकनाथ शिंदे यांना सरकार स्थापनेसाठी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय योग्य होता. एवढंच वाचलंत तर शिंदे गट जिंकला. याच्याही पुढे वाचा: आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांनी वाजवी मुदतीत घ्यावा, आणि अध्यक्षांच्या अधिकारांबाबतचा २०१६ चा नबाम रेबिया निकाल सात न्यायमूर्तींच्या पीठानं तपासावा.

म्हणजे ज्या प्रश्नावर सगळं अडलं होतं, कोण अपात्र आणि कोण नाही, तो त्या दिवशी सुटलाच नव्हता. अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी त्यावर १० जानेवारी २०२४ ला निर्णय दिला. शिंदे गटाला खरी शिवसेना ठरवलं आणि दोन्हीकडच्या एकाही आमदाराला अपात्र केलं नाही. मधल्या आठ महिन्यांत मी अशी कुटुंबं पाहिली जी 'निकाल लागला' म्हणून भांडत होती.

असा निकाल आला की काय करायचं? शंभर-दीडशे पानं वाचायची गरज नाही. शेवटी निष्कर्षांचे मुद्दे क्रमानं दिलेले असतात, एक-दोन पानांत मावतात. निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, निवडक निकालांचे मराठी अनुवादही मिळतात. एका कागदावर उभी रेघ मारा. डावीकडे हे सगळे मुद्दे लिहा, उजवीकडे तुमच्या नेहमीच्या वर्तमानपत्रानं किंवा वाहिनीनं त्यातले कोणते घेतले त्यावर बरोबरची खूण करा. खुणा न झालेले मुद्दे बघितले की त्या वृत्तपत्राचा कल कळतो आणि तो कुणाला विचारावाही लागत नाही. हा प्रयोग महिन्यातून एकदा केला तरी पुरे. रोज करायला लागलात तर घरचे वैतागतील.

सरकारी निर्णयाची बातमी: जीआर उघडा

महाराष्ट्रातल्या निम्म्या वादांचा मूळ कागद मराठीत असतो आणि तो कुणीच वाचत नाही. शासन निर्णय, म्हणजे जीआर, सरकारच्या संकेतस्थळावर विभागवार आणि तारखेवार सापडतात. भाषा रटाळ असते, पण प्रस्तावना सोडून थेट 'शासन निर्णय' या ठळक शब्दांखालचा मजकूर वाचायचा. प्रस्तावनेत आधीचे संदर्भ असतात, निर्णय खाली असतो.

तिसऱ्या भाषेचा वाद आठवा. १६ एप्रिल २०२५ च्या जीआरनं मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिली ते पाचवीला हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. गदारोळ झाला. १७ जूनला सुधारित जीआर आला. त्यात 'अनिवार्य' नव्हतं. हिंदी 'सर्वसाधारणपणे' तिसरी भाषा असेल असं होतं आणि दुसरी भारतीय भाषा घ्यायची मुभाही होती. लगेच दोन तट पडले. एक म्हणाला सक्ती गेली, दुसरा म्हणाला मागच्या दारानं आली. दोघांनीही तिसरी ओळ वाचली असती तर वाद जरा कामाचा झाला असता: दुसरी भाषा हवी असणारे त्या इयत्तेत किमान २० विद्यार्थी हवेत. आता यावर बोलता येतं. शहरातल्या मोठ्या शाळेत २० मुलं जमतील. वाडीवस्तीवरच्या शाळेत इयत्तेचा पटच बारा-पंधराचा असतो, तिथे मुभा कागदावरच. उलट बाजूनं कुणी म्हणेल की पाच मुलांसाठी वेगळा शिक्षक द्यायचा कुठून? हाही प्रश्न खोटा नाही. हे भांडण आकड्यावर, शिक्षकांच्या संख्येवर, पैशावर होऊ शकलं असतं. झालं मात्र अस्मितेवर. २९ जूनला सरकारनं दोन्ही जीआर रद्द केले आणि नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तोवर ती २० ची अट किती जणांनी वाचली होती, देव जाणे.

बनावट जीआरही फिरतात, विशेषतः सुट्ट्या, भरती आणि आरक्षण यांच्या नावानं. खरा ओळखायचा तर शेवटचा भाग बघा. 'सदर शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक…' अशी ओळ आणि पुढे लांबलचक आकडा असतो. त्या आकड्याची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशी होते. वरची तारीख एक आणि संकेतांकातली वेगळीच, असं दिसलं की शंका घ्या आणि तो आकडा संकेतस्थळावर टाकून बघा. डिजिटल स्वाक्षरीनं साक्षांकित केल्याची ओळही हवी.

कायद्यांच्या बाबतीत पायऱ्या अजून जास्त. मंत्रिमंडळाची मंजुरी, विधेयक मांडणं, दोन्ही सभागृहांची मंजुरी, राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची संमती, राजपत्र, अमलात येण्याची तारीख आणि सगळ्यांत शेवटी नियम. नागरिकत्व सुधारणा कायदा डिसेंबर २०१९ मध्ये मंजूर झाला, त्याचे नियम निघाले ११ मार्च २०२४ ला. नियम नसल्यानं अर्ज करायची रीतच ठरलेली नव्हती, त्या चार वर्षांत. तीन कृषी कायद्यांचं तर असं झालं की जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेनं ते रद्द केले. मधला सगळा काळ 'कायद्यांमुळे शेतकऱ्याचं भलं झालं' आणि 'वाटोळं झालं' असे दोन्ही दाखले देणारे लोक मला भेटत होते. कायदा हवा की नको यावर वाद घालायला हरकत नव्हती. परिणाम सांगायला तो लागू तरी असायला हवा होता.

शब्द कुणाचा आहे ते बघा

जून २०२२ मध्ये शिवसेनेत जे घडलं त्याला मराठीत तीन नावं होती. गद्दारी, बंड आणि उठाव. गद्दारी म्हणणारा कुठल्या बाजूचा हे सांगायला नको, उठाव म्हणणाराही लगेच कळतो. बंड, बंडखोर हे वृत्तपत्रांचे नेहमीचे शब्द, पण शिंदे गटाला तेही खटकत. बातमीत असा शब्द आला की तो काढून त्याजागी घडलेली क्रिया घाला: 'आमदारांचा एक गट पक्षनेतृत्वाविरुद्ध जाऊन वेगळा झाला.' वाक्य बेचव होतं खरं. मग स्वतःला विचारा, हीच क्रिया दुसऱ्या पक्षात घडली असती तर तिला मी काय म्हटलं असतं? महाराष्ट्रात याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. १९७८ आहे, १९९१ आहे, २०१९ आहे, २०२३ आहे. ज्या नेत्याच्या फुटीला तुम्ही मुत्सद्देगिरी म्हणता आणि ज्याच्या फुटीला दगाबाजी, त्या दोघांची नावं शेजारी शेजारी लिहा.

आरोपांच्या बातम्यांतही हेच. आरोप झाला, गुन्हा दाखल झाला, अटक झाली, आरोपपत्र दाखल झालं, आरोप निश्चित झाले, दोषी ठरला. सहा पायऱ्या. आपल्याकडे 'गुन्हा दाखल' वाचलं की लोक शिक्षा झाल्यासारखं बोलतात, आणि आपल्या माणसावर दाखल झाला की 'नुसता दाखलच झालाय ना' म्हणतात. चिथावणीखोर भाषणाची बातमी असेल तर कलम बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे; समाजांत तेढ निर्माण करण्याचं कलम आता १९६, पूर्वी ते १५३ अ होतं. कलमाचा उल्लेखच नसेल तर गुन्हा नोंदवलाय की नुसती तक्रार दिलीय, हे बातमीत पुन्हा शोधा.

निवडणुकीचे आकडे

जागा आणि मतं वेगळी. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला, १७ महायुतीला आणि १ अपक्षाला मिळाली. 'जनतेनं धडा शिकवला' असे मथळे आले. दोन्ही आघाड्यांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता. सहा महिन्यांनी विधानसभेला २८८ पैकी महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांनीच २३० जागा घेतल्या. लोकसभेनंतर ज्यांनी 'महाराष्ट्रानं यांना कायमचं नाकारलं' असं लिहिलं त्यांना विधानसभेनंतर शब्द सापडेनात, आणि विधानसभेनंतर उलट बाजूनं तेच लिहिणाऱ्यांना लोकसभा आठवेना. मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल तर ४८ मतांनी लागला. एवढ्या फरकावर 'जनतेचा कौल' काय सांगायचा?

निकाल वाचताना म्हणून तीन रकाने मागा: जागा, मतांची टक्केवारी, मागच्या वेळची टक्केवारी. तिसरा रकाना बहुतेक ठिकाणी नसतो. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतो.

एक्झिट पोलबद्दल लिहायला बसले तर पान भरेल. १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेकांनी रालोआला ३५० च्या वर नेलं होतं आणि ४ जूनला आकडा २९३ निघाला, एवढं पुरे.

रक्त सांडलेली बातमी

दंगल, जमावाची मारहाण, खून. इथे माझा नियम कडक आहे: पहिला दिवस काहीही पुढे पाठवायचं नाही. मृतांची नावं, आरोपींची नावं, कारण, या तिन्ही गोष्टी पहिल्या काही तासांत बदलतात.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागून जगणारे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते ते. त्या उन्हाळ्यात देशभर मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा व्हॉट्सअॅपवरून पसरत होत्या. त्यांतला एक व्हिडिओ मी नीट पाहिलेला आहे. गल्लीत मुलं खेळतायत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एक पोर उचलतात आणि निघून जातात. मूळ व्हिडिओ पाकिस्तानातल्या एका संस्थेनं पालकांना सावध करण्यासाठी बनवला होता. मूळ व्हिडिओत मोटारसायकल परत येते, मूल खाली उतरवलं जातं आणि संदेशाची पाटी दाखवली जाते. तो शेवट कुणीतरी कापला होता. बस, तेवढंच केलं होतं. ना चेहरे बदलले, ना आवाज. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाच चॅटपर्यंतच फॉरवर्ड करायची मर्यादा आणली.

तेव्हा व्हिडिओ आला की दोन गोष्टी विचारा: हा सुरू होण्याआधी काय घडलं आणि संपल्यावर काय? संदेशावर दोन बाणांची खूण असेल तर तो पाच किंवा जास्त हातांतून आलेला आहे. पाठवणाऱ्याला मूळ माणूस ठाऊक असण्याची शक्यता जवळपास नाही. व्हिडिओतलं एक चित्र थांबवून गूगलच्या चित्रशोधात टाका. दुकानाच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, पोलिसांचा गणवेश बघा. महाराष्ट्रातला म्हणून फिरणाऱ्या व्हिडिओतल्या गाडीचा नंबर एमएचनं सुरू होत नसेल तर निदान थांबा.

पालघरच्या गडचिंचल्यातही, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले तेव्हा चोरांची अफवा आधी होती आणि धार्मिक रंग नंतर लागला. अटक झालेल्यांची नावं शेवटी गृहमंत्र्यांना जाहीर करावी लागली.

टीव्हीवरची चर्चा

पडद्यावर सहा चौकटी असतील तर त्यातल्या प्रत्येकाच्या वाट्याला सलग किती वेळ येतो ते घड्याळ लावून बघा. मला ते करमणुकीचं वाटतं. 'राजकीय विश्लेषक' एवढीच ओळख असलेल्या माणसाचं नाव शोधा. पूर्वी कुठल्या पक्षाचं काम केलंय ते सापडतं. टीआरपीमुळे हे सगळं चालतं असं सगळे म्हणतात. ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२२ बातम्यांच्या वाहिन्यांची वाहिनीनिहाय टीआरपी जाहीर होत नव्हती. आरडाओरडा काही कमी झाला नाही. त्यामुळे ते एकच कारण मला पटत नाही.

चर्चा बघायचीच तर तिच्यातून एक गोष्ट उचला: कुणी कुठल्या कागदाचं नाव घेतलं का? घेतलं असेल तर टीव्ही बंद करून तो कागद शोधा.

घरातल्या गटावर

माझे धाकटे दीर तापलेले संदेश पाठवण्यात पटाईत. गटावर सगळ्यांसमोर 'हे खोटं आहे' लिहिलं की माणूस आणखी तीन पाठवतो. चारचौघांत माघार कोण घेईल? मी वेगळा फोन करते.

"भाऊजी, तो मराठा आरक्षणाचा मेसेज कुठून आला हो?"

"का वहिनी, खोटा आहे?"

"माहीत नाही. त्यात न्यायालयानं रद्द केलं म्हटलंय. कुठल्या न्यायालयानं, ते नाही."

"सुप्रीम कोर्टच असणार."

"मग २०२१ चा असेल. तेव्हा केलं होतं, ५ मेला. त्यानंतर २०२४ मध्ये विधिमंडळानं नवा कायदा केलाय, १० टक्क्यांचा."

"म्हणजे जुनाच फिरतोय होय?"

"तसं दिसतंय. तारीख टाकून परत पाठवा की."

ते पाठवतात असं नाही. पण पुढच्या वेळी "वहिनी, हे बघा जरा" म्हणून आधी मला पाठवतात, आणि त्यावर मी समाधानी आहे. यात मी मराठा आरक्षण हवं की नको यावर एक शब्द बोलले नाही, हे लक्षात घ्या. त्यावर आमचं जमत नाही आणि जमायची गरजही नाही. फक्त कुठली पायरी, ते ठरवून घेतलं की उरलेलं भांडण छान होतं.

एक पथ्य मात्र: ज्या बातमीनं तुम्हाला आनंद झाला तीच आधी तपासा. रागाची बातमी तपासायला माणूस तयार असतो. विरोधकाची फजिती झाल्याची बातमी कुणी तपासत नाही, आणि खोट्या बातम्या बनवणाऱ्यांना ते चांगलं ठाऊक असतं.

चुकीचं छापलं असेल तर

आधी संपादकांना लिहा. वृत्तपत्र असेल तर पुढचं दार प्रेस कौन्सिलचं. १९७८ च्या कायद्यानं चालणारी ही संस्था वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरती आहे, ताकीद देते, ठपका ठेवते, दंड करू शकत नाही. वाहिनी असेल तर आधी वाहिनीकडे आणि ती सदस्य असेल तर एनबीडीएसएकडे, म्हणजे वाहिन्यांच्या संघटनेनं तक्रारींसाठी नेमलेल्या संस्थेकडे. पोर्टलवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव दिलेलं असतं. नसेल तर तेच तक्रारीत लिहा.

डेस्कवर अशी पत्रं माझ्याकडे यायची, म्हणून सांगते. 'तुमचं वृत्तपत्र विकलं गेलंय' असं पत्र आलं की ते गठ्ठ्यात जायचं, त्यावर करण्यासारखं काही नसायचं. तारीख, पान, कॉलम, चुकीची ओळ जशीच्या तशी, बरोबर काय आणि ते कुठल्या कागदात आहे, एवढं पाच ओळींत असलं की ते पत्र मुख्य उपसंपादकाच्या टेबलावर जायचं, आणि बहुतेक वेळा दुरुस्ती यायची. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, लहान अक्षरांत. तिचं कात्रण किंवा स्क्रीनशॉट काढून ठेवा. मूळ बातमी पुढच्या निवडणुकीत परत फिरेल तेव्हा तेच पाठवता येतं.